बालग्रंथालयात संशोधन करायचंय ना?

सप्रेम आशीर्वाद.

बालग्रंथालय आणि कथाकथन या विषयातच पीएच.डी. करून पुढे शिकवायचं, हे तुझं पक्कं दिसतंय. छान. पण या नावाचा स्वतंत्र विभाग शोधत बसू नकोस. ग्रंथालय व माहितीशास्त्रात एम.लिब. कर, नेट दे आणि तिथूनच वाट काढ. 'महाविद्यालयीन ग्रंथालयांतील ई-संसाधनांचा वापर' घे, प्रश्नावल्या वाटल्या की काम झालं, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकून घे आणि सोडून दे.

विषय नवा आहे अशातलाही भाग नाही. सयाजीरावांनी १९१० मध्ये ग्रंथपाल बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून बडोदा संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत, मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा वेगळा विभाग होता.

प्रबंधाच्या आधी मात्र आठवड्यातली एक दुपार एखाद्या वाचनालयाच्या बालविभागात सतरंजीवर काढ. चित्रपुस्तक मुलांच्या नजरेच्या उंचीवर धर. मजकूर जवळपास पाठ असू दे, म्हणजे तुझे डोळे मुलांवर राहतील. आवाज फार काढू नकोस. (हातवारे करून सभा जिंकणारे कथाकथनकार मला मुलांसाठी नकोच वाटतात, मुलांना सांगणारा लक्षात राहतो, पुस्तक नाही.) गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारायचं नाही. पुस्तकही कपाटात परत ठेवायचं नाही, तिथंच पडू दे. मग बघत बस: कोण उचलतं, कोण नुसती चित्रं उलटतं, कोण धाकट्या भावाला तीच गोष्ट अहिराणीत सांगतं. घरी आल्यावर सगळं तारीख घालून वहीत उतरव. देवघेवीच्या नोंदवहीत घरी नेलेली पुस्तकं तेवढी सापडतात, तिथंच चाळलेली नाहीत.

ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूईच्या पद्धतीत लोककथा ३९८.२ वर जातात. मुलं मागतात ती 'भुताची', 'मोठ्या चित्रांची', नाहीतर 'मागच्या वेळची'. या दोन वर्गीकरणांचा मेळ कसा घालायचा, यावर अख्खा प्रबंध होईल. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१ च्या पंचसूत्रीत प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं आहे. अक्षरओळख नसलेलं मूल त्या वाचकांत धरायचं का, हा प्रश्न पहिल्याच प्रकरणात घे.

जाहिराती निघतील त्या महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या, तेव्हा तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांची सूची करणं, कच्चं ठेवू नकोस. आराखडा दिवाळीआधी पाठव, दोन पानांच्या आत.