चौकशीच्या अहवालाची वाट बघत बसू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. आईचं पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन, त्यात पित्तनलिकेला इजा, मग दुसऱ्या रुग्णालयात मोठं ऑपरेशन. पहिलं रुग्णालय म्हणतंय की ही तर माहीत असलेली गुंतागुंत आहे. सरकारी चौकशी सुरू आहे, ऑपरेशनला दीड वर्ष होऊन गेलंय, आणि तुम्ही विचारताय की अहवाल येईपर्यंत थांबू का.

थांबू नका. मी वकील नाही, पण आमच्या घरी हे सगळं होऊन गेलंय, त्यामुळे ठामपणे सांगतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९. ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायला कारण घडल्यापासून २ वर्षं मिळतात. वैद्यकीय परिषदेत, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या (सरकारी जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखांच्या) समितीपुढे किंवा पोलिसांकडे तुमचा अर्ज पडून आहे म्हणून हे घड्याळ थांबत नाही. अर्ज घेणारा कारकून हे सांगत नाही. आमच्या बाबतीत तर एका कार्यालयाने (नाव घेत नाही) उलटंच सांगितलं होतं: "अहवाल आल्याशिवाय आयोगात जाऊ नका, तुमचीच केस कमजोर होईल." तोंडी, अर्थातच. लेखी मागितलं की साहेब मीटिंगमध्ये. त्यानंतर फाइल अभिप्रायासाठी गेली, अभिप्राय देणारे रजेवर गेले, मग त्यांची बदली झाली. शेवटी आलेल्या अहवालात कामाचं एकच वाक्य होतं: उपलब्ध कागदपत्रांवरून निष्काळजीपणा आढळून येत नाही. आणि उपलब्ध कागदपत्रं कोणती, तर आम्हीच जोडलेलं डिस्चार्ज कार्ड. रुग्णालयाकडून इनडोअर पेपर (दाखल असतानाच्या उपचारांच्या सगळ्या नोंदी) मागवलेलेच नव्हते. तोवर मुदत टळली होती. मूळ प्रकरण बाजूलाच राहिलं आणि भांडण विलंब माफीच्या अर्जावर सुरू झालं, ज्यात उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं आणि "अहवालाची वाट बघत होतो" हे कारण मान्य होईलच असं नाही.

मुदत नेमकी कधीपासून मोजायची यावर वकील वाद घालू शकतात. इजा उशिरा कळली तर कळल्याच्या दिवसापासून, हे तत्त्व आहे. पण त्यावर विसंबू नका. गोव्यातल्या सरकारी रुग्णालयातल्या एका परिचारिकेचं १९९३ मध्ये मुंबईत पित्ताशयाचंच ऑपरेशन झालं होतं. पोटात राहिलेला गॉज (जाळीदार कापडाचा तुकडा) २००२ मध्ये दुसऱ्या ऑपरेशनमध्ये सापडला आणि २००४ मध्ये, म्हणजे सापडल्यापासून २ वर्षांच्या आत, तक्रार केली. तरीही २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली, कारण ऑपरेशननंतर लगेच दुखायला लागलं असताना इतकी वर्षं त्या डॉक्टरांकडे चौकशीच केली नव्हती. म्हणून पहिल्या ऑपरेशनच्या तारखेपासून २ वर्षं मोजा आणि त्याच्या निदान महिनाभर आधी दाखल करा.

चौकशी चालू राहू दे, ती मागे घ्यायची गरज नाही. फक्त वैद्यकीय परिषद नुकसानभरपाई देत नाही हे लक्षात असू द्या. ती डॉक्टरला ताकीद देते किंवा काही काळ नोंदणी स्थगित करते. पैसे हवे असतील तर आयोग किंवा दिवाणी कोर्ट. फौजदारीच्या भानगडीत सहसा पडू नये असं माझं मत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर तिथे 'ढोबळ', म्हणजे घोर, निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घेतलं जातं. आणि घरातल्या तापट मंडळींना आवरा. रुग्णालयात तोडफोड किंवा मारहाण झाली तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने गुन्हा अजामीनपात्र आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तुमची बाजू तिथेच पडते.

आता कागद. डिस्चार्ज कार्ड म्हणजे केस पेपर नव्हे. सगळे इनडोअर पेपर लेखी अर्जाने मागा: दाखल करतानाच्या नोंदी, संमतीपत्र, भूल देतानाची नोंद, ऑपरेशन नोट, नर्सिंग नोट्स, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांची नोंद), औषधांचा चार्ट, इनटेक-आउटपुट चार्ट (शरीरात गेलेल्या आणि बाहेर आलेल्या द्रवांची नोंद), रक्ताचे सगळे रिपोर्ट. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत द्यावे लागतात, पण जपून ठेवायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचंच आहे. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर वाद न घालता त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. मिळालेल्या प्रतींवर 'एकूण पाने इतकी' असं त्यांच्याकडून लिहून घ्या, नाहीतर नंतर पानं वाढतात.

मेडिक्लेम असेल तर एक गोष्ट बहुतेकांना सुचत नाही. रुग्णालयाने क्लेमसाठी विमा कंपनीला किंवा टीपीएला (कंपनीतर्फे क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला) बरेच कागद पाठवलेले असतात, कधी कधी इनडोअर पेपरसुद्धा. त्यांच्याकडूनही प्रती मागा आणि ओळीने ताडून पाहा. पुढे घुसडलेली नोंद तिथे सापडते. शिवाय बिल विम्याने भरलं म्हणून उपचार 'मोफत' ठरत नाहीत, तुम्ही ग्राहकच राहता. हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालातच आहे.

तुमच्या प्रकरणात खरा मुद्दा कुठे आहे ते सांगतो, कारण तक्रारी इथेच फसतात. "नलिका कापली म्हणजे निष्काळजीपणा" एवढंच लिहिलंत तर समोरून पाठ्यपुस्तकांची पानं येतील की हा धोका ज्ञात आहे. आणि तो आहेच. प्रश्न दोन. पहिला, नळी बंद करायची क्लिप लावण्याआधी पित्ताशयात दोनच रचना (त्याची नळी आणि रक्तवाहिनी) शिरताना स्पष्ट दिसल्या, अशी ऑपरेशन नोटमध्ये नोंद आहे का? सूज, चिकटलेपणा असेल तर पोट उघडून ऑपरेशन करायचा निर्णय का घेतला नाही? दुसरा आणि माझ्या मते जास्त वजनाचा: इजा ओळखायला किती वेळ लावला? इनटेक-आउटपुट चार्टवर ड्रेनमध्ये (पोटातला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीत) हिरवट पित्त लिहिलंय आणि राउंडच्या नोटमध्ये 'पेशंट बरा आहे', असं काही आहे का पाहा. पोटदुखी, ताप, कावीळ, वाढलेलं बिलिरुबिन असताना सोनोग्राफी किंवा एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) कधी केली, वरच्या रुग्णालयात कधी पाठवलं? तारखा आणि वेळा एका कागदावर उतरवा. तो एक कागद वकिलाच्या दहा पानांपेक्षा उपयोगी पडेल. दुसऱ्या रुग्णालयाची ऑपरेशन नोटही घ्या. कोणत्या नळीवर क्लिप होती, नळीचा किती भाग गेला होता, हे तिथेच असतं.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात सक्तीचं नाही (सर्वोच्च न्यायालयाचा व्ही. किशन राव निकाल, २०१०), पण तुमच्यासारख्या तांत्रिक प्रकरणात त्याशिवाय जाऊ नये. गावातला सर्जन गावातल्या सर्जनविरुद्ध लिहून देत नाही, हे कटू पण खरं. दुसऱ्या शहरातले, शक्यतो सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राध्यापक शोधा आणि मत प्रतिज्ञापत्रावर घ्या. "निष्काळजीपणा झाला का?" असं मोघम विचारू नका, वरचे प्रश्न क्रमांक घालून विचारा. आयोगाने प्रकरण सरकारी समितीकडे पाठवलं तर तिथेही हेच प्रश्न पाठवावेत असा अर्ज द्या.

दाखल करणं त्यामानाने सोपं. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते, रुग्णालयाच्या गावी खेटे घालायची गरज नाही. कोणत्या आयोगात जायचं ते मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, रुग्णालयाला दिलेल्या रकमेवर ठरतं: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन होतं. रुग्णालय आणि सर्जन दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा, नाहीतर "ते आमचे नोकर नाहीत, व्हिजिटिंग आहेत" हे ऐकावं लागेल. नोटीस बजावल्याची तारीख लिहून ठेवा. त्यांना लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात, त्यापुढे आयोगालाही वाढवता येत नाही, असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलंय. तरी पुढची तारीख मागतात. तेव्हा गप्प बसू नका.

वकील लावाच असं कायदा म्हणत नाही. मी म्हणेन लावा, पण वैद्यकीय प्रकरणं चालवलेला. भरपाईत टक्केवारी मागणारा नको, वकिलांना त्याची परवानगीच नाही.

हो, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनचं चित्रीकरण पुष्कळ ठिकाणी होतं. त्याची प्रत त्याच अर्जात मागा. "केलंच नव्हतं" असं म्हणाले तर तेही लेखी घ्या. सीडी किंवा पेनड्राइव्ह मिळाला तर तिथेच काउंटरवर उघडून पाहा, घरी आणल्यावर रिकामा निघाला तर कोणी ऐकून घेत नाही.