पतंग आणि स्टिंगरे यांचं वर्गीकरण कुठे जुळतं, आणि जास्त धोक्यात कोण?

जुळतं फक्त प्राणीसृष्टीपर्यंत, पुढे काहीच नाही. आपल्या सह्याद्रीत दिसणारा अ‍ॅटलस पतंग घ्या, तो संधिपाद, कीटक वर्ग, लेपिडोप्टेरा म्हणजे फुलपाखरांचाच गण. स्टिंगरे, आपल्याकडचा पाकट, हा पाठीचा कणा असलेला, पण कणा कूर्चेचा, हाड नाहीच, त्यामुळे तो शार्कचा नातेवाईक. दोघं पंख पसरल्यासारखे दिसतात खरे पण पाकटाचे ते 'पंख' म्हणजे रुंद झालेले छातीचे पर आहेत, बाकी काही नाही.

धोक्याचं म्हणाल तर मेकाँग नदीतला जायंट फ्रेशवॉटर स्टिंगरे आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संघटनेच्या यादीत 'एन्डेंजर्ड' म्हणजे धोक्यात आहे. 2022 मध्ये कंबोडियात 300 किलोचा सापडला होता, टॅग लावून परत सोडला. धरणं, जाळी, आणि पिल्लं होतात मोजकीच, त्यामुळे एकदा संख्या घटली की भरून यायला फार वेळ लागतो. पतंग मात्र शेकडो अंडी घालतो, आणि मोठा झालेला अ‍ॅटलस तर काही खातच नाही, तोंडच कामाचं नसतं, आठवडा-दोन आठवड्यांत संपतो बिचारा. बहुतेक पतंगांचं आययूसीएनने मूल्यांकनच केलेलं नाहीये, म्हणून यादीत नाव दिसलं नाही तर 'सुरक्षित' समजू नका.