एच पाच, एन एक… आणि पुढे?

प्रश्न : मी नवापूरची, टी.वाय.बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे. २००६ च्या बर्ड फ्लूत बाबांची अख्खी पोल्ट्री खड्ड्यात गेली, तेव्हापासून घरात 'एच५एन१' ऐकतेय. एमबीबीएस हुकलं. व्हायरॉलॉजीत जमेल का? खरं सांगू, ते एच-एनचे आकडे मला पाठच होत नाहीत.

उत्तर : मग पाठ करूच नकोस. इन्फ्लुएन्झाच्या, म्हणजे फ्लूच्या, विषाणूच्या अंगावर दोन प्रथिनं असतात. एच पेशीला चिकटून आत शिरतं; एन नव्या विषाणूंना पेशीपासून तोडून मोकळं करतं. टॅमिफ्लू हे फ्लूवरचं औषध अडवतं ते या एनलाच. आकडा म्हणजे त्या प्रथिनाचा प्रकार. आणि ही आकडेमोड फक्त 'ए' गटाची, कारण त्याचं मूळ घर पाणपक्ष्यांत आणि तिथे प्रकार भरपूर. 'बी'ची घराणी दोनच, व्हिक्टोरिया आणि यामागाटा. त्यातलं यामागाटा मार्च २०२० नंतर सापडलेलं नाही. 'सी' माणसाला किरकोळ सर्दी देतो, 'डी' गुरांत आढळतो. झालं वर्गीकरण!

एच आहे की नाही हे ओळखायची जुनी चाचणी बघशील तर हे डोक्यात पक्कं बसेल. खळग्यांच्या प्लेटमध्ये नमुना आणि कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी एकत्र घालायच्या. विषाणू नसेल तर पेशी तळाशी बसून टिकलीएवढा लाल ठिपका होतो. असेल तर एच त्यांना एकमेकींत गुंतवतो, ठिपका होत नाही, फिकट थर पसरतो.

आता वाट. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत (एनआयव्ही) सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची एम.एस्सी. व्हायरॉलॉजी होते. एमबीबीएस लागत नाही, प्रवेश परीक्षा असते. जागा मोजक्या, म्हणून साध्या एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचेही फॉर्म भर. पुढे संशोधनात राहायचं तर नेट-जेआरएफ (संशोधनाच्या शिष्यवृत्तीची राष्ट्रीय परीक्षा) काढावीच लागेल; नाहीतर प्रोजेक्टवरच्या कंत्राटी नोकऱ्या, त्याही दोन-तीन वर्षांच्या. बाबांना हे आजच सांग, एम.एस्सी. झाल्यावर नको. शिवाय दिवसभर पिपेट धरून बसायचा कंटाळा येणाऱ्याचं हे कामच नाही.

ते आधीच कळू शकेल. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरच्या लासोटा लसीची कुपी तुमच्या पोल्ट्रीवाल्यांच्या फ्रिजमध्ये असेलच. त्या लसीतला विषाणू इन्फ्लुएन्झाचा नव्हे, पण तांबड्या पेशी तोही अशाच गुंतवतो. मॅडमना विचारून, त्यांच्या देखरेखीखाली कॉलेजच्या लॅबमध्ये ती प्लेट लाव. थर पसरला की ठिपका झाला, ते मला कळव.