टेपवरचा लाल काटा आणि लॅपटॉपवरचा लाल दिवा

प्रश्न : घरी लॅपटॉप आणि दोन चॅनेलच्या इंटरफेसवर (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) गायन-तबला रेकॉर्ड करतो. टेपच्या काळातले एक रेकॉर्डिस्ट म्हणाले, ‘लेव्हल लालपर्यंत नेल्याशिवाय आवाजाला वजन येत नाही.’ तसं केलं की तबल्यावरचा ‘ना’ फाटतो. जुनं स्पूलचं टेप मशीन घ्यावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : त्यांचं म्हणणं टेपपुरतं बरोबर आहे. टेपची स्वतःची खरखर असते, त्यामुळे आवाज तिच्या बराच वर ठेवावा लागे. शिवाय टेप एकदम भरत नाही. ‘ना’चं टोक दबून गोलसर होतं. ‘वजन’ म्हणतात ते हेच. डिजिटलमध्ये शून्य डीबीच्या वर आकडाच नसल्याने टोक सपाट कापलं जातं आणि मागाहून फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढून ते परत येत नाही.

मीटरही वेगळे. टेप मशीनवरच्या व्हीयू मीटरच्या (सरासरी आवाज दाखवणारा मीटर) काट्याला चढायला सुमारे 300 मिलिसेकंद लागतात. ‘ना’चा आघात तोवर संपलेला असतो, म्हणजे काटा दाखवतो त्याहून खरं टोक बरंच वर असतं. टेपने ते निभावून नेलं, इंटरफेस नेणार नाही.

तेव्हा 24 बिट, 48 किलोहर्ट्झ ठेवा. लेव्हल घेताना तबलजींना ठेका नको, रेला वाजवायला सांगा, तोही पूर्ण जोरात. टोकं उणे 12 डीबीच्या आसपास राहतील इतकाच गेन (माइकचा आवाज आत घेतानाची वाढ) द्या आणि मग हात लावू नका. गाणं रंगलं की हात जड होतो, वरची जागा त्यासाठी. 24 बिटमध्ये इतकं खाली राहिल्याने खरखर वाढत नाही. गेन तळाला असूनही लाल दिवा लागला तर पॅडचं, म्हणजे आत येणारा आवाज आधीच कमी करणारं, बटण दाबा. ते नसेल तर माइक तबल्याच्या पुडीपासून आणखी वीतभर लांब न्या.

गोलसरपणा मिक्सिंगच्या वेळी सॅच्युरेशन प्लग-इनने (टेपसारखी टोकं दाबणारं सॉफ्टवेअर) आणा. मात्र आउटपुट आधीइतकंच करून मगच ऐका. मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो, फसगत तिथे होते.

मशीन नको. 2500 फुटी स्पूल सेकंदाला 15 इंच वेगाने जेमतेम 33 मिनिटं चालतो. वर देखभाल : हेड पुसणं, डीमॅग्नेटाइझ करणं, अलाइनमेंट. ते पैसे माइकवर घाला आणि भिंतींना गोधड्या लावा.

प्रश्न : हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो.
– एक गायिका, पुणे

उत्तर : बफर (लॅपटॉप एका वेळी साठवून पुढे पाठवतो तेवढे आवाजाचे नमुने) 1024 असेल तर 48 किलोहर्ट्झला जाताना 21 आणि येताना तेवढेच मिलिसेकंद जातात. 128 करा. लॅपटॉपला झेपत नसेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (लॅपटॉपमधून न जाता आवाज थेट हेडफोनला देणारं बटण) चालू करा, पण सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करून, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल.