परदेशात व्हॉलंटियरिंग करून तिथली संस्कृती खरंच कळते का?

तुम्ही पुण्यात दुसऱ्या वर्षाला आहात, एक एजन्सी दोन आठवड्यांच्या ‘व्हॉलंटियरिंग’चे दीड लाख मागतेय, एवढ्यात तिथली संस्कृती कळते का, आणि घरी कसं पटवायचं, असं तुम्ही विचारलंय.

दीड लाख देऊ नका. फिरायला जायचं असेल तर खुशाल जा, पण मग त्याला फिरणंच म्हणा. त्यांना तुमच्या कामाची खरोखर गरज असती तर त्यांनी तुमच्याकडूनच पैसे घेतले नसते. त्यातही अनाथाश्रमात मुलांना इंग्रजी शिकवायचा पर्याय देत असतील तर त्या वाटेला जाऊच नका. कंबोडियासारख्या देशात अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून मुलं तिथे ठेवली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आश्रमांसाठी मुलं पळवण्याच्या या धंद्याची गणना आधुनिक गुलामगिरीत केली.

माझं सांगते. फर्ग्युसनला जर्मन घेऊन बी.ए. केलं आणि नंतर एक वर्ष जर्मनीतल्या ब्रेमेनच्या एका वृद्धाश्रमात काम केलं. (औंधला ब्रेमेन चौक आहे ना, तेच ब्रेमेन. दोन्ही शहरांची जुनी मैत्री आहे. तिकडे मात्र पुणे म्हटलं की पुढचा प्रश्न ‘म्हणजे मुंबईजवळ?’) जर्मनीने २०११ साली सक्तीची लष्करी सेवा थांबवली. तोवर ज्या मुलांना बंदूक हातात घ्यायची नसे ती त्याऐवजी रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत काम करायची. ती एकदम यायची थांबली आणि ती जागा भरायला सरकारने स्वयंसेवकांची योजना काढली, ‘बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट’. एवढं लांब नाव कोणी घेत नाही, आम्हाला सगळे ‘बुफ्दी’ म्हणायचे. सांगायचा मुद्दा हा की तिथे माणूस हवाच असतो. तुम्ही सकाळी गेला नाहीत तर कोणाचा तरी नाश्ता उशिरा होतो.

तिथे संध्याकाळी साडेपाचला रात्रीचं जेवण, आणि तेही गार. ब्रेड, लोणी, चीज, मांसाचे थंड काप, काकडीचं लोणचं. गरम पोळी-भाजी खाऊन वाढलेल्या मला पहिले काही दिवस वाटायचं, म्हाताऱ्या माणसांना असलं जेवण देतात, काय ही तऱ्हा! आमच्या मजल्यावर पक्षाघाताने उजवा हात गेलेले एक आजोबा होते. (मनात आजोबा. तोंडाने ‘हेर’, म्हणजे श्रीयुत, लावून आडनाव आणि अहो-जाहो. परक्या माणसाला आजोबा म्हटलेलं तिकडे चालत नाही.) त्यांच्यासमोर एका हाताने काम करणाऱ्यांसाठी बनवलेला छोटा पाट असायचा. त्याच्या कोपऱ्याला दोन बाजूंनी उभी कड, ब्रेड तिला टेकवला की सरकत नाही. आजोबा डाव्या हाताने लोणी लावायचे, अगदी कडेपर्यंत. कोपरा कोरडा राहिला तर सुरी परत फिरवायचे. मग चीज उचलायचं, ते पडायचं, पुन्हा उचलायचं. एका स्लाइसला दहा मिनिटं. शेजारी धडधाकट माणसं बसलेली, आणि कोणी हात लावत नाही.

मी उठले तर सीनियर नर्सने नजरेनेच बसवलं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचं करणं म्हणजे त्याला काही करू न देणं. पाण्याचा तांब्यासुद्धा आपण उचलून देतो, आणि जो देत नाही त्याला लोक नावं ठेवतात. तिथे नर्सचं कसब कशात, तर माणसाला जे अजून जमतंय ते त्याच्या हातून काढून न घेण्यात. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात ते शिकवतात. गरम जेवण दुपारी झालेलं असतं. संध्याकाळी ज्याने त्याने आपला ब्रेड आपल्या हाताने लावायचा, आज कुठलं चीज ते स्वतः ठरवायचं. दिवसभरात स्वतः ठरवायला उरलेल्या मोजक्या गोष्टींतली ही एक. पाहुणी म्हणून गेले असते तर दोन आठवड्यांत ‘जर्मन लोक कोरडे’ असं स्टेटस टाकून परत आले असते. अजूनही सगळं पटलेलं नाही. एका आजींना बटणं लावताना अर्धा तास झगडताना बघून मला वाटायचंच की लावून टाकावीत.

चहाचं सांगायलाच हवं, पुणेकर आहे. ब्रेमेनच्या पश्चिमेला ओस्टफ्रीसलँड नावाचा सखल, वादळी पट्टा आहे. तिथले लोक वर्षाला माणशी ३०० लिटरच्या आसपास चहा पितात. तिथल्या एक आजी आमच्याकडे होत्या. कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा, त्यावर कडक चहा ओतला की खडा तडकतो, तो आवाज ऐकायचा. मग सायीचा थेंब कडेने सोडायचा, तो खालून ढगासारखा वर येतो. ढवळायचं नाही! वरचा घोट सायीचा, मधला कडू, शेवटचा गोड. तीन कप घ्यायचेच, आणि कपात चमचा ठेवल्याशिवाय ओतणारा थांबत नाही. पाकीट उलटून वाचलं तर आत मुख्यतः आसामचा चहा. मी त्यांना अमृततुल्य करून पाजला, आलं-वेलदोडा घालून, दूध आटवून. त्यांनी सभ्यपणे अर्धा कप घेतला आणि म्हणाल्या, ‘सूप चांगलं आहे.’

या आजींना स्मृतिभ्रंश होता. संध्याकाळ झाली की त्या लहानपणच्या प्लाटडॉइच बोलीत शिरायच्या. आमच्या तरुण जर्मन सहकाऱ्यांनाही ती धड कळायची नाही. त्यामुळे तेवढ्या वेळापुरतं मी आणि ते एकाच पायरीवर.

आणि मरण. वृद्धाश्रमात ते येतंच, त्याची तयारी ठेवून जा. कोणी गेलं की खोलीची खिडकी उघडायची, आत्म्याला वाट म्हणून. कट्टर नास्तिक नर्ससुद्धा उघडायची. जेवणाच्या खोलीत फोटो आणि मेणबत्ती. अंत्यसंस्काराला मात्र आठवडा-दोन आठवडे लागतात. ‘कोण यायचं राहिलंय?’ असं विचारत काही तासांत वैकुंठ स्मशानात नेणाऱ्या आपल्याला हे झेपत नाही. जर्मनीत बहुतेक राज्यांत अस्थी घरी ठेवता येत नाहीत की वाटेल तिथे विसर्जित करता येत नाहीत, कायद्याने सहसा दफनभूमीतच जातात. ब्रेमेनने २०१५ पासून थोडी ढील दिली: तिथल्या रहिवाशाने जिवंतपणी लिहून ठेवलं असेल तर राख खासगी जागेत, म्हणजे बागेतसुद्धा, विखुरता येते. एक निवृत्त गोदी कामगार तो कागद भरत होते. त्यांनी मला विचारलं, तुमच्यात काय करतात? मी आळंदीची इंद्रायणी सांगितली, नाशिकची गोदावरी सांगितली. ‘आणि परवानगी कोण देतं?’ या प्रश्नावर मला उत्तर सुचेना. मग म्हणाले, ‘माझ्या बायकोला नदी चालली असती.’

सणावारांचं लिहीत बसत नाही, ते कुठेही वाचायला मिळेल. फक्त थंडीतली ‘कोलफार्ट’ चुकवू नका: हातगाडीत बाटल्या भरून कडाक्याच्या गारठ्यात चालत सुटायचं आणि शेवटी एखाद्या खानावळीत केल नावाची पालेभाजी आणि सॉसेज हाणायचं. शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा, भाजीतही डुकराची चरबी असते.

आता व्यवहाराचं. या योजनेत तुम्ही पैसे द्यायचे नाहीत, ते देतात. हातखर्चाची कमाल मर्यादा २०२५ मध्ये महिन्याला ६४४ युरो होती, प्रत्यक्षात बहुतेक संस्था त्याहून कमी देतात. आरोग्य विम्याचे पैसे संस्थाच भरते. राहायची सोय प्रत्येक ठिकाणी नसते, करारात ते आधी बघा, कारण भाडं स्वतः भरायचं तर तेवढ्यात भागणार नाही. वय २७ च्या आत असेल तर वर्षभरात २५ दिवस सेमिनार असतात. तिथे इतर देशांतली मुलं भेटतात आणि कामाबद्दल मनसोक्त कुरकुर करता येते. अर्ज थेट संस्थेकडे करा. करार हातात आला की मग व्हिसा. मधे एजंट लागत नाही, कोणी ‘प्लेसमेंट फी’ मागितली तर उठून या. भाषा मात्र हवी. म्हाताऱ्या माणसांसमोर इंग्रजी चालत नाही, बी-वनच्या (म्हणजे मध्यम पातळीच्या) आसपास जर्मन असेल तर तिथे जीव रमतो. रानडे इन्स्टिट्यूट किंवा बोट क्लब रोडचं मॅक्सम्युलर भवन, जे जमेल ते आत्ताच धरा.

घरच्यांचं म्हणाल तर आईचं पहिलं वाक्य होतं, ‘जर्मनीला जाऊन म्हाताऱ्यांचं करणार? लोकांची पोरं एम.एस.ला जातात!’ त्यावर वाद घालून काही होत नाही, मी घालून पाहिलाय. बाबांसमोर कराराचा मराठी तर्जुमा ठेवला. विमा, सुट्ट्या, कामाचे तास, मुदतीआधी सोडायचं असेल तर काय, सगळं त्यांनी पेन्सिलने खुणा करत वाचलं आणि ‘डिपॉझिट किती?’ एवढंच विचारलं. ‘काही नाही’ म्हटल्यावर त्यांचा विरोध मावळला. आईचा मावळायला तिकीट काढेपर्यंत वेळ लागला. तुमच्याकडे अजून आख्खं तिसरं वर्ष आहे.