सायकल-सल्ला : नारिंगी दगडांची वाट, सराटे आणि उलटे ब्रेक

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्हा चौघांना सायकलवर दोन-तीन दिवस हिंडायचं आहे. हायवेवर जीव मुठीत धरून चालवण्याचा कंटाळा आलाय. दऱ्या, जुनी गावं आणि कमी गाड्या असं आपल्याकडे कुठे आहे का? (लातूर)

आहे की, तुमच्या शेजारीच. अंबाजोगाईत मुक्काम टाका आणि रोज सकाळी निघून संध्याकाळी तिथेच परत या. सामान खोलीवर राहिलं की बालाघाट डोंगररांगेतले चढ बरेच सोपे होतात. पहिला दिवस जवळपास काढा : हत्तीखान्याची लेणी, आद्यकवी मुकुंदराजांची समाधी, मग बुट्टेनाथाची दरी. दुसऱ्या दिवशी आडसवरून धारूर गाठा. धारूरच्या किल्ल्याला तीन बाजूंनी खोल दरी आणि चौथ्या बाजूला खंदक आहे. तटावरून खालची दरी बघा, पण सायकलने धारूरचा घाट उतरून तेलगावच्या बाजूला जाऊ नका. घाट अरुंद, वळणं आवळलेली आणि ट्रकांची ये-जा कायम. किल्ला बघून आल्या वाटेने मागे फिरा. त्या दिवसांत रस्त्याकडेला सीताफळं मिळतात, तेव्हा दुपारच्या खाण्याची चिंता नको.

शांत रस्ता ओळखायला मैलाच्या दगडाचा माथा बघा. पिवळा राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्य मार्ग, आणि नारिंगी म्हणजे ग्रामसडक योजनेचा रस्ता. नारिंगी दिसला की बिनधास्त वळा. फक्त एक लक्षात ठेवा : रस्ता रुंद होऊन महामार्ग झाला तरी जुना दगड कधीकधी तसाच उभा असतो. शंका आली तर पाच मिनिटं थांबून गाड्या मोजा. दहाच्या वर गेल्या तर तो रस्ता तुमचा नाही.

त्या सुमारास दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली सोयाबीन. मळणी झाली की रस्त्याच्या कडेला दाणे वाळत घातलेले असतात, आणि डांबरावर विखुरलेले दाणे चाकाखाली छऱ्यांसारखे फिरतात. त्यावरून जाताना ब्रेक नको, वळण नको. हँडल सरळ धरून पार व्हा. दुसरी गोष्ट ऊस. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर कर्कश गाणी, आणि मागे बऱ्याचदा लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा, आणि ओव्हरटेक करताना दोन्ही ट्रॉल्यांची लांबी धरा.

पाऊस रेंगाळला असेल तर शेतातल्या पाणंद रस्त्याचा मोह टाळा. आपली काळी माती ओली असताना टायरला थर चढवते, तो थर मडगार्डमध्ये ठासतो आणि शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. तरी सापडलातच, तर सायकल ढकलू नका, उचला. ढकलत नेली की आणखी माती चढते.

प्रश्न : माझ्याकडे बिनगिअरची सायकल आहे, पुढे 44 दाते, मागे 18. घाट चढेल का? की महागडी हायब्रीड घ्यावी? (हिंगोली)

या जोडीत पायडलची एक फेरी मारली की सायकल 5 मीटरच्या पुढे जाते. मिनिटाला 60 फेऱ्यांचा आरामाचा ठेका धरला तर ताशी 18 किमी. 100 मीटरला 6 मीटर चढणाऱ्या घाटात, माणूस-सायकल-सामान मिळून 100 किलो असेल, तर त्या वेगाला नुसत्या चढासाठीच 300 वॉटच्या आसपास ताकद लागते. रोज सराव करणाऱ्यालाही ती फार वेळ टिकवता येत नाही. ताशी 6 किमीने चढलं तर तेच काम 100 वॉटमध्ये होतं, पण तुमच्या जोडीत इतकं हळू पायडल मारताच येत नाही. गुडघे दुखतात ते यामुळे.

स्वस्तातला उपाय : मागे 22 दात्यांचं फ्रीव्हील (मागचं दातेरी चक्र) बसवा. मागचं चाक फ्रेमच्या खाचेत साधारण सव्वा सेंटिमीटर पुढे सरकवावं लागेल. तेवढी जागा नसेल तर साखळीत दोन कड्या वाढवा. लहान चढ निघतील. लांब घाट तरीही पायीच.

नवी घेताना किमतीला भुलू नका. 24 दात्यांचं लहान चक्र पुढे आणि 28 दात्यांचं मागे असलेली साधी 21 गिअरची एमटीबी (डोंगरी सायकल) एका फेरीत पावणेदोन मीटर सरकते आणि ताशी सहा किमीने निवांत चढते. पुढे 46 चं एकच चक्र असलेली चकाचक हायब्रीड गावात शोभते.

प्रश्न : दोन दिवसांत सात पंक्चर. ट्यूब नवी टाकली तरी तासाभरात पुन्हा हवा जाते. ट्यूब खराब की टायर? (परळी)

बहुधा दोन्ही चांगले आहेत, काटा आत राहिलाय. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडतो आणि त्याचं टोक रबरात अडकून राहतं. बाहेरून काही दिसत नाही. हवा भरली, वजन पडलं की टोक आत येतं. टायर उलटा करून आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. तो नेलकटरने किंवा चिमट्याने आतून ओढून काढा. बोटाने चाचपलंत तर पुढचं पंक्चर बोटाला.

ट्यूब आणि टायर एकाच दिशेने ठेवायची सवय लावा : टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी. ट्यूबचं भोक सापडलं की टायरवरची जागा आपोआप कळते. भोकं दोन आणि शेजारी-शेजारी असतील तर तो काटा नव्हे. हवा कमी होती म्हणून खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली.

ठिगळ उखडतं ते घाईने. ट्यूब पॉलिश पेपरने खरखरीत करा, सोल्यूशन ठिगळापेक्षा मोठ्या भागावर पातळ पसरा आणि पाच मिनिटं खरोखर थांबा. चकाकी जाऊन ते कोरडं दिसलं की मगच ठिगळ लावा. ओल्यावर लावलेलं ठिगळ उन्हात तापल्यावर सरकतं.

सराट्यांचा त्रास मुख्यतः थांबण्याच्या जागी होतो. फोटो काढायला सायकल रस्त्याखाली गवतात नेली की दोन्ही चाकांत दहा-दहा सराटे. उचलून न्या. ट्यूबलेस टायर असतील तर 40 मिलिमीटरच्या टायरला साधारण 60 मिलि सीलंट (आतून भोक बुजवणारं द्रावण) पुरतं, पण आपल्या उन्हाळ्यात ते लवकर वाळतं. दोन महिन्यांनी उघडून बघा.

आणखी एक. तुमचा व्हॉल्व्ह बारीक, टोकाला स्क्रू असलेला प्रेस्टा असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याची मोटरसायकलची नळी त्याला बसणार नाही. पितळी अडॅप्टर बोटाच्या पेराएवढा असतो. एक व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा, एक पाकिटात.

प्रश्न : जूनमध्ये मुलीकडे म्युनिकला जातोय. वय 58. आल्प्समध्ये गाड्या नसलेला, फार चढ नसलेला मार्ग सुचवाल का? (छत्रपती संभाजीनगर)

इटलीच्या उत्तर टोकाची विन्शगाऊ दरी. रेशेन खिंड सुमारे 1500 मीटरवर, मेरान सुमारे 325 वर. मधले 80-एक किमी बहुतांश उतार, बराचसा भाग स्वतंत्र सायकलवाटेवरून, सफरचंदांच्या बागांमधून. दोन दिवस ठेवा. सुरुवातीलाच तलावातून वर आलेला चर्चचा मनोरा दिसतो. 1950 मध्ये धरणाखाली गाव गेलं, मनोरा राहिला. जायकवाडीचं पाणी पाहिलेल्याला ते वेगळं सांगायला नको. पुढे ग्लुर्न्स : तीन वेशींचं, अख्खा तट शाबूत असलेलं शहर, वस्ती हजाराच्या आत. मुक्काम तिथेच करा.

पाट्यांवर प्रत्येक गावाची दोन नावं असतात, जर्मन आणि इटालियन : ग्लुर्न्स-ग्लोरेन्झा, माल्स-मालेस. दोन्ही लिहून घ्या. दमलात तर माल्स ते मेरान रेल्वे आहे, आणि भाड्याची सायकल एका स्टेशनवर घेऊन दुसऱ्यावर परत करता येते.

तलावाखालून माल्सकडे जाणारा तुकडा बराच तीव्र आहे. तिथे ब्रेक सतत दाबून धरू नका. पॅड तापून पकड जाते. वळणाआधी जोरात दाबा, मग पूर्ण सोडा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : आपल्याकडे उजव्या हाताला सहसा पुढचा ब्रेक असतो, तिकडच्या भाड्याच्या सायकलींना बहुतेक वेळा डाव्या हाताला. सवयीने डावा करकचून दाबलात तर हँडलवरून पुढे जाल. दुकानातून निघण्याआधी सायकल हाताने ढकलत एकेक ब्रेक दाबा, कुठलं चाक अडतं ते बघा, आणि डाव्या मुठीला रंगीत चिकटपट्टी लावा.