लेकीचं स्टुडंट लोन वाढतंय, पुण्याचा फ्लॅट विकू का?

इकडे लंडनमध्ये मराठी आईवडील भेटायला आले की हा प्रश्न येतोच, "मुलगी दर महिन्याला फेडतेय, तरी कर्ज वाढतंच कसं?" इतक्यांदा ऐकलं की शेवटी लिहायला बसले. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

एक बाबा. लेक 2019 ला युनिव्हर्सिटीत गेली, म्हणजे प्लॅन 2 (इथल्या सरकारी स्टुडंट लोनचा एक प्रकार), बॅलन्स 50 हजार पौंडांच्या वर. फ्लॅट विकून एकदाचं मिटवतो म्हणत होते, लेक नको म्हणत होती, घरात अबोला.

मी आधी आकड्यांना हातच लावला नाही. पैशाची भीती बऱ्याचदा मागच्या पिढीची असते असं माझं ठाम मत आहे, म्हणून विचारलं, "कर्ज म्हटलं की घरातलं कोण आठवतं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "माझे वडील. पतसंस्थेत मित्राला जामीन राहिले. त्याने हप्ते थकवले, शेत आमचं गेलं."

"मग हिच्या लोनला जामीन कोण?"

लेकच बोलली, "कोणीच नाही बाबा. माझी नोकरी गेली तर पगारातून हप्ता कापणं थांबतं. माझं काही झालं तरी तुमच्या दारात कोणी येणार नाही."

"खरंच कोणी नाही?" त्यांनी दोनदा विचारलं, आणि खांदे खाली आले. इतकी वर्षं ते लेकीच्या लोनमध्ये वडिलांचं शेत बघत होते, आणि तो धागा हाती लागला याचं मला आजही समाधान आहे.

मग पगाराची स्लिप उघडली. वर्षाचा पगार 34 हजार पौंड, ज्याच्या वर हप्ता कापतात ती 2025-26 ची मर्यादा 28,470, वरच्या रकमेचे 9 टक्के, म्हणजे महिना साधारण 41 पौंड. व्याज त्याहून जास्त चढतं म्हणून बॅलन्स वाढतो, पण 30 वर्षांनी उरलेलं माफ. सरकारच्याच 2023 च्या अंदाजात 2022-23 ला शिकायला लागलेल्यांपैकी जेमतेम 27 टक्के पूर्ण फेडतील असं होतं, म्हणजे बाकीचे कर्जबुडवे नाहीत हो, योजनाच तशी आहे!

ऑगस्ट 2023 पासून शिकायला लागलेल्यांचा प्लॅन 5 मात्र वेगळा, मर्यादा 25 हजार, मुदत 40 वर्षं, व्याज महागाईइतकंच, आणि पूर्ण फेडणारे 61 टक्के असा अंदाज होता. त्यामुळे थोरलीचा हिशोब धाकट्याला लावू नका. पगार खूप मोठा असेल, पूर्ण फिटणारच असेल, तर लवकर भरून फायदा होऊ शकतो, पण जास्तीचे भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत, म्हणून आधी मुलांसोबत बसून गणित करा. त्या बाबांनी फ्लॅट ठेवलाय, भाडं लेकीच्या घराच्या डिपॉझिटसाठी साठवतायत.